जुन्या स्पोर्ट्स कारचा मूळ कलर वाचवायचा कसा? सांगली-मिरजेतल्या नव्या मालकांसाठी

पोर्शे बॉक्सस्टर, मर्सिडीज एसएलके, ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड४. या गाड्या आता सेकंडहँड बाजारात हौशी माणसाच्या आवाक्यात येऊ लागल्या आहेत. मुंबई-पुण्याहून गाडी घरी येते, दोन दिवस कौतुकात जातात आणि मग एखाद्या सकाळी ती उन्हात नीट बघितली जाते. छत फिकं पडलेलं, बॉनेटभर गोल चऱ्यांची जाळी, पुढच्या बंपरवर दगडांनी उडालेले टिकले, आरशांच्या खाली क्लिअर कोटला (कलरवरच्या पारदर्शक थराला) पांढुरकी झाक. मग गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, रबिंग मारून देतो, नवी करकरीत दिसंल."

तिथं थांबा. माझ्याकडे २००८ची काळी बॉक्सस्टर आहे आणि या सगळ्यातून मी गेलो आहे. माझा आग्रह एकच आहे. कंपनीत बसलेला कलर एकदाच मिळतो. पॉलिश केलं की तो थोडा का होईना घासला जातो, आणि जुन्या गाडीवर घासायला फार काही उरलेलं नसतं. त्यामुळे किती चमक आणायची हे ठरवण्याआधी किती कलर शिल्लक आहे ते बघायचं. थोडे चरे राहिलेली, पण मूळ कलरची गाडी मला कधीही चकाचक रिपेंटपेक्षा मोलाची वाटते. जाणकार खरेदीदारही तसंच बघतो.

१. आधी महिना आणि जागा ठरवा

सांगलीत हे काम वर्षभर सारखं होत नाही. एप्रिल-मे मध्ये पत्रा इतका तापतो की शाम्पू आणि पॉलिश दोन्ही लावता लावता वाळतात. पावसाळ्यात हवा दमट, कोटिंग नीट बसत नाही. आणि एकदा साखर कारखान्यांची धुराडी पेटली की मार्च-एप्रिलपर्यंत काजळी पडत राहते. गणपती झाल्यावर पाऊस ओसरतो, तिथपासून गाळप सुरू होईपर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. ते हुकले तर चारी बाजूंनी बंद शेडमध्येच काम करा.

शेड निवडताना शेजारी काय चालतं ते बघा. कुपवाड एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या शेजारची जागा स्वस्त मिळते, पण ग्राइंडरचे लोखंडी कण उडत येऊन कलरवर बसतात आणि तिथंच गंजतात. मिरजेत रेल्वेच्या रुळांलगत गाडी उभी राहत असेल तर तिथंही हाच त्रास.

२. कागद आणि सामान

कागद कमीच लागतात, पण आधी गोळा करा:

– आरसी बुक. त्यावर लिहिलेला रंग आणि गाडीचा प्रत्यक्ष रंग जुळतो का बघा. रंग बदलला असेल, किंवा तुम्ही बदलणार असाल, तर आरटीओकडे नोंद करावी लागते.
– कलर कोड. पोर्शेमध्ये पुढच्या डिकीच्या झाकणाला आतून स्टिकर असतं, त्यावर मिळतो. इतर गाड्यांत बॉनेटखाली किंवा दाराच्या खांबावर शोधा.
– जुनी सर्व्हिस आणि डेंटिंग-पेंटिंगची बिलं. कुठला भाग आधी रंगवला आहे ते यांतून कळतं.
– काम सुरू करण्यापूर्वीचे फोटो. प्रत्येक पॅनेलचा एक सावलीत, एक थेट उन्हात.

सामान: कलरची जाडी मोजणारा मीटर, डीए पॉलिशर (ज्याचं पॅड गोल फिरता फिरता डगमगतं ते), मऊ आणि मध्यम फोमची पॅड, एक फिनिशिंग पॉलिश, एक कंपाउंड (जास्त घासणारं पॉलिश), पीएच न्यूट्रल शाम्पू, आयर्न रिमूव्हर, क्ले बार (कलरमध्ये रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी), आयसोप्रोपिल अल्कोहोल, मास्किंग टेप, दोन बादल्या आणि भरपूर मायक्रोफायबर. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण एक चांगली एलईडी बॅटरी घ्या, चरे तिच्या उजेडात खरे दिसतात. मायक्रोफायबर घरच्या कपड्यांत धुऊ नका आणि त्यांना कपड्यांचं कंडिशनर लावू नका. धागे बुळबुळीत होतात, पाणी टिपत नाहीत.

मशीनवर पैसे कमी पडले तर साधी डीए घ्या, पण मीटर सोडू नका. ओळखीतल्या जुन्या गाड्या विकणाऱ्याकडे तो असतो, अर्ध्या दिवसासाठी मागून आणला तरी भागतं.

३. कलर मोजा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची आणि सगळ्यात जास्त टाळली जाणारी पायरी हीच.

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंगाचा बेस कोट आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात. कंपनीचा कलर सगळा मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो. त्यात क्लिअर कोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालच्या रंगाला वाचवणारी रसायनं याच थरात असतात. हलक्या पॉलिशमध्ये एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंडनं २ ते ४, वॉटर पेपर लावला तर त्याहून बरेच जास्त. तीन मालकांनी दरवर्षी रबिंग मारलं असेल तर काय उरलं असेल याचा हिशोब तुम्हीच करा.

गाडी धुऊन कोरडी करा आणि प्रत्येक पॅनेलवर निदान पाच-सहा ठिकाणी मीटर टेकवा. कागदावर गाडीचा आराखडा काढून त्यावर आकडे लिहा. माझ्या गाडीत दोन्ही दारं ११०-१२० दाखवत होती, डाव्या मागच्या फेंडरवर मात्र चाकाच्या कमानीजवळ एकदम २९० आला आणि चार बोटं वर सरकलं की परत ११५. म्हणजे कधीतरी तेवढ्याच तुकड्याला टचअप झालेलं. डोळ्याला ते दिसत नव्हतं.

आकडे ढोबळमानाने असे वाचा: ८० च्या खाली आला तर मशीन लावू नका, फक्त हातानं वॅक्स करा. १०० ते १५० म्हणजे बहुधा मूळ कलर. २०० ते ३०० म्हणजे वरून पुन्हा रंगवलेलं. ५०० च्या पुढे गेला की खाली लांबी भरलेली आहे असं समजा, आणि तिथं पत्र्याला नेमकं काय झालं होतं ते विक्रेत्याला विचारा.

दोन सापळे इथं आहेत. एक, साधा मीटर लोखंड आणि ॲल्युमिनियमवरच चालतो. बंपर प्लास्टिकचे असतात, काही स्पोर्ट्स कारची अख्खी बॉडी फायबरची असते, तिथं तो काहीच दाखवत नाही. अल्ट्रासॉनिक मीटर लागतो आणि तो महाग असतो. तो नसेल तर अशा भागांवर सगळ्यात सौम्य पॉलिशच्या पुढे जाऊ नका. दुसरा, मीटर एकूण जाडी सांगतो, क्लिअर कोट किती उरला ते वेगळं सांगत नाही. रिपेंट केलेल्या पॅनेलवर २५० दिसले म्हणून बेधडक घासायला जाल तर वरचा क्लिअर कोट पातळच निघेल.

गाडी खूप जुनी असेल, विशेषतः लाल, पांढरी किंवा काळी साध्या रंगातली, तर क्लिअर कोट मुळात नसेलही. कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या कपड्यावर घेऊन चोळा. कपड्याला गाडीचा रंग लागला तर ती सिंगल स्टेज कलरची. असा कलर वाळून त्याची भुकटी निघते, लाल गाडी गुलाबी दिसायला लागते. त्याला कंपाउंडच्या आधी तेलकट ग्लेझ हातानं लावून रात्रभर मुरू द्यायची. नुसत्या तेवढ्यानंही रंग बराच वर येतो.

४. धुण्याची पद्धत बदला

गोल चऱ्यांची जाळी बहुतेक वेळा धुण्यातूनच येते. कोपऱ्यावरच्या वॉशिंग सेंटरला ही गाडी नेऊ नका. तिथल्या रॅम्पवर पुढच्या बंपरची खालची कड घासते, आधीच्या ट्रॅक्टरला वापरलेला फडका तुमच्या बॉनेटवर फिरतो आणि शेवटी "चमक येते" म्हणून डिझेलचा हात मारतात. डिझेलनं रबर फुगतं आणि धूळ दुप्पट चिकटते. कपड्याची पावडर आणि टूथपेस्टही नको.

घरी सकाळी सातच्या आत धुवा. आधी नुसत्या पाण्यानं धूळ सोडवा, मग फोम, मग दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत फडका खळबळायला साधं पाणी. वरून खाली या, दारांखालची पट्टी आणि चाकं शेवटी, वेगळ्या फडक्यानं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, पॅनेलवर वाळलं की क्षारांचे गोल उमटतात. शेवटचं पाणी घरच्या आरओचं मारा आणि लगेच टिपून घ्या.

छप्पर उघडणारी गाडी असेल तर प्रेशरची नळी कापडी छपरावर आणि खिडक्यांच्या रबरांवर धरू नका. बॉक्सस्टरवाल्यांना तर कळकळीनं सांगतो: छप्पर अर्धवट उघडून दोन्ही बाजूंच्या ड्रेनची भोकं बघा. कडुनिंबाचा पाला त्यात बसला की पाणी आत उतरतं, आणि या गाडीत अलार्म-इमोबिलायझरचं युनिट सीटखाली असतं. ते भिजलं की गाडी सुरूच होत नाही. कलर करायला काढलेले पैसे मग तिकडं जातात.

५. चिकटलेलं उतरवा

धुऊन झाल्यावर पातळ प्लास्टिकची पिशवी हातात घालून बॉनेटवर तळवा फिरवा. खरखर लागली तर कलरमध्ये काहीतरी रुतलेलं आहे.

लोखंडाचे कण असतील तर आयर्न रिमूव्हर फवारा. काही मिनिटांत जांभळे ओघळ येतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो, घाबरू नका, हातमोजे घाला आणि वाळायच्या आत धुऊन टाका. तापलेल्या ब्रेक डिस्कवर ते मारू नका.

काजळीचं मात्र वेगळं शिकावं लागतं. कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं आणि त्या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे वाळूचाच प्रकार. हलकी काळी पापडी बॉनेटवर दिसली की हात पुसायला जातोच. पुसलं की ती चुरडते, काळा फराटा उठतो आणि त्याच्या आत बारीक चरे. कोरड्या फडक्यानं काजळी कधीच पुसायची नाही. ब्लोअरनं उडवा किंवा भरपूर पाण्यानं सोडा.

क्षारांच्या गोलांवर पांढरा व्हिनेगर आणि आरओचं पाणी निम्मं-निम्मं करून, सावलीत, एखादा मिनिट ठेवा आणि धुऊन टाका. त्यानंतरही गोल राहिले तर ते कलरमध्ये कोरले गेलेत, पॉलिशशिवाय जाणार नाहीत. पाखरांच्या आणि वटवाघळांच्या विष्ठेचंही असंच. ती दिसली त्याच दिवशी भिजवून काढायची.

मग क्ले बार. भरपूर शाम्पूचं पाणी, हलका हात, सरळ रेषेत. खाली पडला तर तो तुकडा फेकून द्या, धुऊन परत वापरू नका.

६. हातभर जागेवर आधी करून बघा

कडा, रबरं, लोगो आणि काळ्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना टेप लावा. पॅनेलच्या धारेवर कलर सगळ्यात पातळ असतो आणि मशीन तिथंच तो खाऊन टाकतं.

आता बॉनेटवर दीड-दोन फुटांचा चौकोन निवडा. सुरुवात सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिशनं करा. एकदा फिरवून अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणानं (१० ते १५ टक्के पुरे) पुसा आणि बॅटरीखाली बघा. हे पुसणं टाळू नका, कारण पॉलिशमधलं तेल चऱ्यांत भरून ते झाकतं. गॅरेजचं रबिंग दोन धुण्यांत उतरतं त्याचं कारण तेच. चरे निम्म्याहून जास्त गेले असतील तर तिथंच थांबा, पूर्ण गाडीला हीच जोडी वापरा. फार राहिले तर पॅड बदला, मग पॉलिश बदला. सुरुवातीलाच कंपाउंड उचलायचं नाही.

गाडीगणिक कलरचा कडकपणा वेगळा. मर्सिडीजनं २००३च्या अखेरीपासून नॅनो कणांचा क्लिअर कोट आणला, तो चिवट आहे, तिथं बारीक पॉलिश हात टेकतं. जपानी गाड्यांचा कलर बऱ्याचदा मऊ असतो, कंपाउंड लावलं की नवीनच धूसरपणा येतो. म्हणून दुसऱ्याच्या गाडीवरचा नुस्खा तुमच्या गाडीला जसाच्या तसा लागू होत नाही.

नख फिरवल्यावर अडकणारा चरा पॉलिशनं काढायचा नाही. त्याच्या धारा मऊ करून सोडून द्या. तो पूर्ण घालवायला आजूबाजूचा सगळा क्लिअर कोट त्याच्या तळापर्यंत खाली न्यावा लागतो.

७. मशीन चालवताना

पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, वेग मध्यम, हात सावकाश. आधी आडवं, मग उभं, एका चौकोनाला चार ते सहा फेऱ्या. मशीनचं वजन पुरे, वरून रेटू नका. पॅड फिरायचं थांबून नुसतं थरथरायला लागलं तर दाब जास्त झाला. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ करा, आणि तळव्यानं पत्र्याची ऊब बघा. कोमट चालेल, चटका बसायला नको. प्लास्टिकचा बंपर उष्णता बाहेर टाकत नाही, तिथं दोन फेऱ्यांवर थांबा. दर थोड्या वेळानं मीटर लावून कागदावरच्या आकड्याशी ताडून बघा.

सरळ गोल फिरणारं रोटरी मशीन नवख्यानं या गाडीवर हातात घेऊ नये. अनुभवी हातात ते उत्तम आहे, पण धारेवर दोन सेकंद जास्त टेकलं तरी खालचा प्रायमर दिसतो.

एका दिवसात गाडी पूर्ण करायचा हट्टही नको. दिवसाला दोन पॅनेल नीट झाली तरी छान.

८. दगडाचे टिकले

पुणे-बेंगळुरू हायवेवर ट्रकच्या मागे चालवलेल्या प्रत्येक गाडीच्या नाकावर हे असतात. कलर कोडप्रमाणे टच-अपची बाटली मागवा. टिकला अल्कोहोलनं साफ करा, गंज दिसला तर आधी तो काढून रस्ट कन्व्हर्टर लावा. बाटलीतला ब्रश जाड असतो, दातकोरणीच्या टोकानं थेंब ठेवा. एकदम भरू नका. पातळ थर, वाळू द्या, परत थर. शेवटी क्लिअर. थोडा उंचवटा राहिला तर तसाच राहू द्या. सपाट करण्याच्या नादात वॉटर पेपर बाजूच्या चांगल्या कलरवर जातो. चार फुटांवरून तो दिसत नाही, आणि पत्रा गंजापासून वाचतो.

९. क्लिअर कोट सुटला असेल तर

पांढुरके पोपडे, कडेला उचललेली पापडी दिसली तर कुठलंही पॉलिश, वॅक्स किंवा कोटिंग ते परत आणत नाही. फक्त तेवढंच पॅनेल रंगवून घ्या. पेंटरकडे जाताना हे विचारा: बंद बूथ आहे का, टू-के क्लिअर (हार्डनर मिसळून मारायचा) वापरता का, शेड जुळवायला आधी नमुना पत्र्यावर मारून दाखवणार का, शेजारच्या पॅनेलमध्ये रंग ब्लेंड करणार का. शेवटच्या दोन प्रश्नांना टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा. मेटॅलिक रंग नुसत्या कोडवर जुळत नाही, १५ वर्षांच्या उन्हानं शेजारचं दार बदललेलं असतं.

गाडीवर आधी सिलिकॉनचं पॉलिश किंवा ड्रेसिंग मारलं असेल तर पेंटरला स्पष्ट सांगा. सिलिकॉनचा अंश राहिला की नवीन कलरमध्ये बारीक खड्डे पडतात, त्याला ते फिश आय म्हणतात.

"एवढं करताय तर फुल बॉडीच मारून घ्या" असं हमखास ऐकायला मिळेल. चांगल्या पॅनेलचा मूळ कलर केवळ जोडीला जोडी म्हणून घासून टाकू देऊ नका.

१०. वरून काय लावायचं

पातळ उरलेल्या कलरला वॅक्स किंवा सीलंट पुरतं. दर दोन-तीन महिन्यांनी हातानं लावा. सिरॅमिक कोटिंग चांगलं आहे, गाडी धुणं सोपं होतं, काजळी आणि क्षार कमी चिकटतात. पण ते चरे झाकत नाही, दगडापासून वाचवत नाही, आणि खाली जे राहिलं असेल ते तसंच बंद करून टाकतं. "नाइन एच"चा आकडा ऐकून हुरळून जाऊ नका, तो पेन्सिलच्या कडकपणाच्या चाचणीतला आकडा आहे. सुटत आलेल्या क्लिअर कोटवर कोटिंग लावणं म्हणजे पैसे वाया.

पीपीएफ (कलरवर चिकटवायची पारदर्शक संरक्षक) फिल्म नाकावर आणि आरशांवर उपयोगी आहे, पण फक्त मूळ, घट्ट कलरवर. रिपेंट केलेल्या भागावर लावली तर काढताना कलरही तिच्याबरोबर निघू शकतो. तुमचा मीटरचा कागद फिल्मवाल्याला दाखवा आणि २०० च्या वरची पॅनेल वगळायला सांगा.

कव्हर धूळ बसलेल्या गाडीवर कधीच घालू नका, वाऱ्यानं ते वॉटर पेपरसारखं चालतं. पावसाळ्यात गाडी नदीकाठच्या बेसमेंटमध्ये ठेवायची नाही, हे २००५ आणि २०१९ पाहिलेल्या सांगलीकराला सांगायला नको. पण गाडी बाहेरून घेऊन नव्यानं इथं आलेल्यांनी पार्किंग घेतानाच पूररेषा विचारून घ्यावी.

आणि खंडेनवमी-दसऱ्याची पूजा जरूर करा, फक्त हळद-कुंकू काचेवर किंवा नंबर प्लेटवर वाहा. वाळलेल्या, भेगाळलेल्या कलरमध्ये कुंकवाचा रंग मुरतो. बॉनेटवर सांडलंच तर कोरडं चोळू नका, मऊ ब्रशनं झटका आणि पाणी सोडा. हळदीवर आधी साबण लावला तर ती लाल होते, तेव्हा पहिल्यांदा नुसतं पाणी. राहिलेला पिवळेपणा उन्हात आपोआप फिका पडतो, त्यासाठी पॉलिश काढायची गरज नाही. झेंडूचा हार रात्री काढून ठेवा, ओल्या पाकळ्यांचे डाग सकाळपर्यंत बसतात.

मीटरच्या आकड्यांचा कागद आरसीच्या पाकिटात ठेवा. पुढच्या वेळी कोणीही पॉलिशचं मशीन जवळ आणलं की आधी तो कागद बाहेर काढायचा.